तुमचा केसपेपर कुणाकडे आहे?

या वेळचं पत्र एका डॉक्टरांचं आहे. थोडं कमी केलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘मॅडम, मी मराठवाड्यात एका जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ आहे. वय ४१. रोजची ओपीडी साठच्या घरात, बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. गावात आम्ही दोघंच. दुसरे सर सत्तरीचे आहेत, आठवड्यातून तीन दिवस बसतात. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, मुलगी सहावीत, आई आमच्याजवळ.

आठ महिन्यांपूर्वी माझा एक पेशंट गेला. बावीस वर्षांचा मुलगा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. तीनदा येऊन गेला होता. शेवटच्या वेळी बरा दिसत होता, हसला, पुढची तारीखही घेतली. आठवड्याच्या आत त्याने आत्महत्या केली. वडील फाइल घेऊन आले. भांडले नाहीत. “तुम्ही तर सुधारणा आहे म्हणाला होतात,” एवढंच बोलले आणि उरलेल्या गोळ्यांची स्ट्रिप टेबलावर ठेवून गेले.

तेव्हापासून पहाटे साडेतीनला जाग येते. फॉलोअपला न आलेल्यांना रात्री फोन करत बसतो. जरा शंका आली की पेशंट संभाजीनगर नाहीतर पुण्याला पाठवून देतो. दोन महिन्यांपासून मी स्वतःच एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी घेतोय, औषध कंपनीच्या एमआरने ठेवलेल्या सॅम्पलमधून, आणि रात्री झोपेसाठी अर्धी क्लोनाझेपाम. घरी कुणाला माहीत नाही. चिडलो की आई म्हणते, “लोकांची डोकी ठिकाणावर आणतोस आणि तुझंच नाही.” मुलीला शाळेत “वेड्यांच्या डॉक्टरची पोरगी” म्हणतात. लग्नाला गेलं तर निम्मे लोक ओळख दाखवत नाहीत, उरलेले कोपऱ्यात नेऊन पुतण्याची झोप सांगतात.

(कधी कधी वाटतं, सकाळी जागच आली नाही तर बरं. पण ते सगळ्यांनाच वाटत असेल.)

स्वतःचं औषध स्वतः घेणं चूक आहे का? त्या मुलाच्या बाबतीत मी कुठे चुकलो, हे मला कोण सांगेल? आणि हे सगळं सोडून पुण्यात एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरावी का?’

*

डॉक्टर,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येते, पण आधी कंसातल्या वाक्याकडे. पेशंट उठतो, दारापर्यंत जातो आणि “बाकी काही नाही, पण…” म्हणत वळतो, तेव्हा खरी ओपीडी सुरू होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही दारापाशी जाऊन कंस टाकलात. त्यामुळे तुम्ही रोज जे विचारता तेच मी विचारते. जागच आली नाही तर बरं, इथपर्यंतच थांबतं की पुढेही जातं? कसं, कधी, असं काही मनात येतं का? कुणाला काही लिहून ठेवलंय, विम्याचे, बँकेचे कागद नीट लावून ठेवलेत, असं काही?

यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर हे पुढचं आज वाचू नका. बायकोला उठवा आणि सांगा. सकाळची ओपीडी बंद ठेवा आणि तिला बरोबर घेऊन दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. मध्यरात्री कुणीच सापडलं नाही तर १४४१६ आहे. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर तुम्हीच लोकांना देत असाल, डॉक्टरांनी लावू नये असं त्यावर कुठे लिहिलेलं नाही.

उत्तर ‘नाही’ असेल, तरी एक काम आजच करा. क्लिनिकमधली सॅम्पलं आणि घरातली क्लोनाझेपाम दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. पेशंटच्या घरच्यांना तुम्ही सांगताच ना, की गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, रोजची रोज काढून द्या? डॉक्टरच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यायला हवी, कारण कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असते आणि कशाने काय होतं हे त्याला पाठ असतं.

आणि ‘ते सगळ्यांनाच वाटत असेल’? नाही, वाटत नाही. हेच वाक्य एखाद्या पेशंटने म्हटलं असतं, तर तुम्ही ते तसंच सोडून दिलं नसतं.

आता पहिला प्रश्न. हो, चूक आहे. गोळी कदाचित अगदी बरोबर असेल, गडबड डॉक्टरच्या निवडीत आहे. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत, ते काही तो अडाणी असतो म्हणून नव्हे. तुम्ही स्वतःला तपासलंत तेव्हा काय काय राहून गेलं ते बघा. थायरॉइड कुणी केला? साखर, बी-१२, बीपी? रेसिडेन्सीत कधी आठ-दहा दिवस तीन तासांच्या झोपेवर भलत्याच जोमात गेले होते का, हे कुणी विचारलं? आजारात बायपोलरची, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आळीपाळीने येण्याची, छटा असेल तर नुसतं अँटिडिप्रेसंट देताना आपण दहादा विचार करतो. इथे तो विचार कुणी केला? डोस कुणी ठरवला, सहा आठवड्यांनी फरक मोजला कुणी? बरं वाटल्यावरही औषध निदान सहा-नऊ महिने चालू ठेवायचं, हे तुम्ही रोज घसा कोरडा करून सांगता. स्वतःच स्वतःचे डॉक्टर असलेले लोक मात्र एखाद्या बऱ्या रविवारी गोळी सोडून देतात, कारण त्यांना हटकणारं कुणी नसतं. क्लोनाझेपामचंही तेच. “याची सवय लागेल का हो?” असं पेशंटची आई विचारते, म्हणून तुम्ही तीन आठवड्यांनी ती कमी करत आणता. तुमच्या रात्रीच्या अर्ध्या गोळीबद्दल असं विचारणारं घरात कुणी नाही, कारण ती गोळी घरात कुणाला माहीतच नाही.

यावर बहुतेक डॉक्टर एक मधला रस्ता काढतात. बॅचमेटला फोन करायचा, “अरे, जरा झोप लागत नाहीये, काय घेऊ?” तोही भिडेपोटी खोलात न जाता एक नाव सांगतो. हा उपचार नव्हे. लंडनमधल्या डॉ. दक्षा एमसन यांचं नाव तुम्ही शिकताना ऐकलं असेल. भारतीय वंशाची हुशार मानसोपचारतज्ज्ञ, स्वतःला बायपोलर आजार. व्यवसायात डाग लागेल या भीतीने तो लपवून ठेवावा लागला. २००० साली आजाराने पुन्हा उचल खाल्ली आणि त्यात त्यांचा व त्यांच्या तान्ह्या मुलीचा जीव गेला. २००३ मध्ये चौकशीचा अहवाल आला. त्यात एक मुद्दा ठळक होता, की पेशंट स्वतः डॉक्टर असली म्हणून तिला साध्या पेशंटइतकीही नीट सेवा मिळाली नाही. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. तुमचा आजार वेगळा आहे, आणि त्याचा शेवट चांगला होतो हे तुम्ही माझ्याइतकंच पाहिलेलं आहे. पण ओळखीपाळखीत, कॉरिडॉरमध्ये, ‘आपल्यातच’ होणारा इलाज कसा अर्धवट राहतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा डॉक्टर शोधा. बॅचमेट नको. ज्यांच्याकडे तुम्ही पेशंट पाठवता तेही शक्यतो नकोत. दुसऱ्या शहरातला, शक्यतो वयाने मोठा, तुमचं नाव ऐकून दबकणार नाही असा. स्वतःच्या खऱ्या नावाने वेळ घ्या, बाहेर बाकावर बसा, फी द्या. तो नको म्हणाला तरी द्या, कारण फुकटच्या पेशंटला उशिरा आल्याबद्दल कुणी झापत नाही. पहिल्यांदा समक्ष जा. नंतरचे फॉलोअप व्हिडिओवर करायला २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काही हरकत नाही. आणि तिथे तुमचा केसपेपर निघू द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ तुमच्या पेशंटांची गुपितं जशी राखतं, तशीच तुमचीही राखेल. नैराश्यावर उपचार घेतो म्हणून कुणी प्रॅक्टिस करायला नालायक ठरत नाही. उपचार न घेता साठ जणांची ओपीडी ओढणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

पेशंटांना यातलं काही सांगावं का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी विचारणारच. सांगायची गरज नाही. ती वेळ त्यांची असते.

आता तो मुलगा.

१९८८ साली अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ५१ टक्के जणांचा निदान एक तरी पेशंट आत्महत्येने गेलेला होता. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढचे काही आठवडे जो ताण जाणवला, तो आई किंवा वडील गेलेल्या माणसाच्या ताणाएवढा होता. म्हणजे आपल्या पेशातल्या निम्म्या लोकांवर हे कधी ना कधी येतं, आणि तरीही तीन वर्षांच्या एमडीत त्याबद्दल कुणी तासभरही बोलत नाही. सर्जनचा पेशंट टेबलावर गेला तर थिएटरमध्ये चार माणसं असतात, भूलतज्ज्ञ असतो, नंतर मीटिंग होते. आपला पेशंट घरी जातो. आपल्याला ते कळतं कंपाउंडरकडून, नाहीतर पेपरातून, आणि पुढचा नंबर तोवर आत आलेला असतो.

पहाटे साडेतीनला तुम्ही काय करत असाल, याचा मला अंदाज आहे. नैराश्यावरच्या औषधांनी पंचवीस वर्षांखालच्या रुग्णांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, हा माहितीपत्रकातला चौकटीतला इशारा मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाचत असाल. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, तो २००४ मध्ये मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये चोवीस वर्षांपर्यंतच्यांसाठी वाढवला. तुमचा पेशंट बावीसचा. त्या इशाऱ्यात पहिल्या काही आठवड्यांत जवळून लक्ष ठेवा असं सांगितलंय. औषध देऊ नका असं नाही. औषध न दिलेलं नैराश्य काही सुरक्षित नसतं, हे तुम्ही दिवसा मला पटवून द्याल. पहाटे स्वतःला पटवता येत नाही, कारण ती वेळच आजाराची असते.

दुसरी गोष्ट तुम्ही वाचत असाल ती म्हणजे ‘अचानक शांत दिसणं’. निर्णय झाला की माणूस निवांत दिसू लागतो, असं आपल्या पुस्तकात आहेच. पण बरा व्हायला लागलेला माणूसही हसतोच की! पुढची तारीखही घेतो. त्या दिवशी तुमच्यासमोर बसलेल्या मुलाच्या हसण्यात फरक करायला पुस्तकात काही सोय नाही. २०१७ मध्ये पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा आत्महत्येचा अंदाज बांधण्याची आपली ताकद नाणं उडवण्याहून थोडीशीच बरी निघाली. यातून मनाला किती दिलासा मिळेल ते मला सांगता येत नाही, पण “मला ओळखता यायला हवं होतं” हे वाक्य तुम्ही जेवढं ठामपणे स्वतःला सुनावताय, तेवढा आधार त्याला नाही.

म्हणून तपासायचंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही ‘कुठे चुकलो’ विचारलंय आणि त्याला ‘तुम्ही कुठेच चुकला नाहीत’ असं उत्तर मी कागदपत्र न बघता दिलं, तर तुम्हाला ते पटणार नाही, पटूही नये. तपासता येण्यासारख्या गोष्टी आहेत. मनात मरणाचे विचार येतात का हे विचारलं होतं का, आणि केसपेपरवर लिहिलं होतं का? घरच्यांपैकी कुणाशी बोलणं झालं होतं का, की मुलगा ‘वडिलांना सांगू नका’ म्हणाला होता? पहिल्या दोन भेटींत किती दिवसांचं अंतर होतं? एकदम महिन्याच्या गोळ्या दिल्या की आठवड्याच्या? निकालाची, परीक्षेची तारीख कुठे आसपास होती का? यांची उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. पण ती एकट्याने पहाटे तपासायची नाहीत. गावातले ते सत्तरीचे सर आहेत ना, त्यांच्याकडे एका संध्याकाळी फाइल घेऊन जा. पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवा. इतकी वर्षं एका गावात प्रॅक्टिस केलेल्या माणसाचेही पेशंट गेले असणार, आणि त्यांनाही हे कुणी विचारलं नसणार. चहा लागेल, दोन-अडीच तास लागतील. काही निघालंच, समजा पहिल्या आठवड्यात एक फोन करायला हवा होता असं निघालं, तर ती तुमच्या पद्धतीतली दुरुस्ती होईल. तिचं ओझं मोजता येईल एवढं असेल. सध्याच्या ओझ्याला मापच नाही.

फाइलमध्ये आता एक अक्षरही वाढवू नका. सुचलेलं वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून लिहा. कोर्टाची धास्ती असेल तर एवढंच, की अंदाज चुकणं म्हणजे हलगर्जी नव्हे. नेहमीची काळजी न घेणं म्हणजे हलगर्जी. डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

त्याच्या वडिलांना भेटावं का? माझं मत, भेटावं. पण तुमचे उपचार सुरू होऊन झोप लागायला लागल्यावर. समजावायला, बाजू मांडायला जाऊ नका, आकडे तर मुळीच सांगू नका. बसा, त्यांना बोलू द्या, शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. धाकटं भावंड असेल तर त्याची झोप, जेवण, अभ्यास विचारा. घरात एक आत्महत्या झाली की उरलेल्यांचा धोका वाढतो, तेव्हा ही भेट नुसती माणुसकीची नाही, कामाचीही आहे. त्यांना तुमच्याकडे यायचं नसेल तर दुसरं नाव देऊन या.

सरसकट बाहेरगावी पाठवणं मात्र थांबवा. आपल्याला वाटतं आपण पेशंटला सुरक्षित हाती दिलं. प्रत्यक्षात गेवराईकडची बाई नवऱ्याला घेऊन पुण्याला जात नाही. तिच्याकडे भाड्याचे पैसे नसतात. ती घरी जाते, गोळ्या संपतात, मग कुणीतरी देवऋषाचा पत्ता देतं. तुम्ही धोका फक्त तुमच्या टेबलावरून हलवलेला असतो.

कामाच्या रगाड्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ते तुम्ही विचारलेलंच नाही, आणि मला तेच खटकलं. साठ पेशंट तुम्ही हवामान सांगावं तसे सांगितलेत. देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, हवेत तीन. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेरच असल्याचं दिसलं. मराठवाड्याच्या माणसाला अनुशेष काय असतो हे मी सांगायचं नाही. हा तुमच्या एकट्याच्या ओपीडीत भरून निघणार नाही, आणि तुम्ही रात्री फोन करत बसलात तरी नाही. फोनचं काम रिसेप्शनवरच्या मुलीला द्या. ज्यांची खरंच काळजी आहे अशा दहा-बारा नावांची यादी तिच्याकडे ठेवा, त्यातला कुणी आला नाही तर तिने संध्याकाळी पाचला फोन करायचा आणि तुम्हाला सांगायचं. बाकीच्यांसाठी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर खाली १४४१६ छापून घ्या. वर्षानुवर्षं स्थिर असलेल्यांना दर महिन्याला बोलावू नका. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली. वाणी पेशाने संख्याशास्त्रज्ञ, कॅनडात प्राध्यापक, आणि आजार त्यांच्या पत्नीला. तिथल्या स्वमदत गटांत घरची माणसंच एकमेकांना सांगतात, की आवाज ऐकू येणाऱ्या मुलाशी वाद घालायचा नाही. ते ऐकलेली आई तुमच्याकडे आली की तिला वीस मिनिटं समजावावं लागत नाही. महिन्यातून एक रविवार, शाळेची एक खोली, एवढ्यावर तुमच्याही गावात हे उभं राहील. बायको शिक्षिका आहे, खोली मिळेल. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करत होत्या. त्यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही बरे झालेल्या पेशंटांना कामाला लावतच मोठं झालं. पण हे सगळं नंतर. आत्ता नवं काही अंगावर घेऊ नका, मी म्हणतेय म्हणूनही नको.

घरचं. आईंचं वाक्य मला आवडलं, तुम्हाला लागलं असलं तरी. त्यांना शास्त्र माहीत नाही, पण लक्षण बरोबर पकडलंय. पुरुषांचं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर येतं, हे तुम्ही लेक्चरमध्ये सांगितलं असेल. त्यांना एवढंच सांगा, “आई, माझी तब्येत बरी नाही, औषध चालू करतोय.” मधुमेह सांगाल तितक्याच आवाजात.

बायकोला मात्र सगळं सांगायचं. गोळी, पहाट, तो मुलगा, कंसातलं वाक्यही. पेशंटची नावं घरात बोलायची नाहीत हा नियम बरोबर आहे, पण तुम्ही त्याआड स्वतःलाही लपवलंत. तिला बरंच माहीत असणार. साडेतीनला शेजारचा माणूस उठून बसतो हे आठ महिने कुणाला कळत नाही? तिला कारण माहीत नाही, आणि कारण माहीत नसलं की बायका स्वतःत शोधतात.

मुलीचं मी फार मनावर घेणार नाही. सहावीतली मुलं पोलिसाच्या पोराला आणि हेडमास्तरांच्या पोरीलाही नावं ठेवतात. तिला विचारा, तिला स्वतःला काय वाटतं. लाज वाटत असेल तर “तसं बोलायचं नसतं” असं शिकवू नका. एखाद्या रविवारी क्लिनिकला न्या, खुर्चीत बसवा, लोक कशाकशासाठी येतात ते नावांशिवाय सांगा. फेफरं, दारू, बाळंतपणानंतरची झोप, परीक्षेची भीती. ऐकून तिला तुमचं काम कदाचित कंटाळवाणं वाटेल. ते उत्तम.

लग्नात ओळख न दाखवणारे लोक तर आपले चांगले पेशंट. त्यांना आपल्यामुळे ओशाळं व्हायला नको, म्हणून आपणही आधी मान वळवायची, एवढा शिष्टाचार पुरे. कोपऱ्यात नेणाऱ्यांना, “झोपेचं असं उभ्याउभ्या कळत नाही, मंगळवारी त्यालाच घेऊन या,” असं हसून सांगायचं आणि पंगतीत जाऊन बसायचं. खुद्द नातेवाईक असतील तर मंगळवारही नाही, सरांचा पत्ता. नात्यात निदान केलं की ते पुढच्या प्रत्येक दिवाळीला ताटात वाढून येतं.

आणखी एक. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात क्लिनिक, घर आणि लग्नकार्य सोडून चौथी जागा नाही. डॉ. मोहन आगाशे बी.जे. मेडिकलमध्ये मानसोपचार शिकवत होते आणि संध्याकाळी रंगभूमीवर उभे राहत होते. एवढं मोठं काही नको. व्हॉलीबॉल चालेल, भजनी मंडळ चालेल, जिथे तुम्हाला कुणी डॉक्टर म्हणून काही सांगणार नाही, आणि चुकलात तर तोंडावर “अहो, ताल सोडला!” म्हणतील अशी जागा.

पुण्याचं आता ठरवू नका. नैराश्यात असताना नोकरी सोडायची नाही, घर विकायचं नाही, हे तुम्ही दर आठवड्याला कुणाला तरी सांगत असाल. नीट झोप लागायला लागल्यावर सहा महिन्यांनी हा प्रश्न पुन्हा काढा. तेव्हाही जावंसं वाटलं तर खुशाल जा. मराठवाड्याला तुमची गरज आहे वगैरे मी म्हणणार नाही, ती आहेच, पण त्यासाठी तुम्हाला ओलीस ठेवता येत नाही. फक्त एका दिवसात शटर ओढून जाऊ नका. तीन महिने आधी बोर्ड लावा. लिथियम आणि क्लोझापाइन या रक्त तपासत राहाव्या लागणाऱ्या औषधांवरच्यांची यादी काढून प्रत्येकाला शेवटच्या रक्ततपासणीच्या तारखेसकट एकपानी सारांश हातात द्या, आणि त्यातलं कोण कुणाकडे जाणार हे सरांशी बसून ठरवा. त्या तीन महिन्यांत तुमचं मन बदललं, तर बोर्ड काढता येतो.

या आठवड्यात मात्र तीनच कामं. बायकोला सांगणं, गोळ्यांची किल्ली देणं आणि डॉक्टरांची वेळ घेणं. वेळ घ्यायचा फोन होत नसेल, तर तो तिला करू द्या.